नव्या लॅपटॉपवर मराठी सुरू करताय? विंडोजच्या ‘मंगल’ अक्षरांमागचे र. कृ. जोशी कोण होते?

गेल्या दिवाळीत अर्जुनी मोरगावला घरी गेलो होतो. चुलतभावाने नवाकोरा लॅपटॉप घेतला होता. साधा नव्हे, मोबाईल वर्कस्टेशन. मोजणीचे नकाशे, घरांचे आराखडे अशी जड कामं अडखळत नाहीत, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मेमरी असते, तसा. मी इंजिनिअर, त्यात पेपरच्या डिजिटल डेस्कवर. त्यामुळे खोकं फोडण्याचा मान माझ्याकडे आला.

अपडेट झाले, ड्रायव्हर बसले, आराखड्याचं सॉफ्टवेअरही चालू झालं. रात्री भावाने जुनी फाइल उघडली. रेषा सगळ्या जागच्या जागी होत्या. पण जिथे गावाचं नाव असायला हवं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं. दुसऱ्या फाइलमध्ये मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला. भावाचा चेहरा पडला. एवढे पैसे घालून मशीन खराब निघालं, असं त्याला वाटलं.

मशीन ठणठणीत होतं. त्याला मराठी सांगितलेलीच नव्हती.

दहा-पंधरा मिनिटांच्या सेटिंगनंतर पडद्यावर अर्जुनी हा शब्द नीट उमटला. ज वर रफार, ज खाली उकार. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण संगणकाला हे जमावं म्हणून काही माणसांनी आयुष्याची बरीच वर्षं दिली. त्यांत एक नाव ठळक आहे, रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्या देखरेखीखाली घडला. ते कोण होते आणि नवा लॅपटॉप मांडताना त्यांचं काम आजही का आड येतं, समजून घेऊ.

कोण होते र. कृ. जोशी?

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये त्यांनी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं. १९५६ मध्ये ते डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले. याच कंपनीच्या कोलकाता शाखेत सत्यजित राय यांनीही अनेक वर्षं नोकरी केली होती.

पुढे १९६१ मध्ये मुंबईत उल्का ही जाहिरात संस्था सुरू झाली. जोशी तिथे कलादिग्दर्शक झाले आणि १९८३ पर्यंत तिथेच राहिले. म्हणजे बावीस वर्षं.

जाहिरातीच्या धंद्यात त्या काळी विचार इंग्रजीत व्हायचा. आधी इंग्रजी मजकूर, इंग्रजी अक्षरांची मांडणी, आणि शेवटी उरलेल्या जागेत मराठी किंवा हिंदी भाषांतर कोंबलं जायचं. इंग्रजीसाठी अक्षरांचे शेकडो नमुने हाताशी असत. देवनागरीत मोजकेच. त्यामुळे चांगलं मराठी शीर्षक हवं असेल, तर ते हातानेच काढावं लागे. सुलेखन ही जोशींसाठी भिंतीवर टांगायची कला नव्हती, रोजच्या कामाची गरज होती.

त्यांचा दुसरा पाय कवितेत होता. साठच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ जोरात होती. त्या वातावरणात जोशींनी दृश्य कविता लिहिल्या. त्यात शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची कागदावरची जागा, आकार आणि अक्षरांमधली मोकळी जागा. अशी कविता कानाने अर्धीच कळते. ती डोळ्यांनी वाचावी लागते.

उल्कात असताना त्यांनी तरुणांना लिप्यांच्या अभ्यासाला लावलं. आज नावाजलेले सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी लिपीवरचा अभ्यास उल्काच्या शिष्यवृत्तीवर जोशींच्या मार्गदर्शनाखाली केला. मोडी तेव्हा दप्तरखान्यांत आणि इतिहास संशोधकांच्या टेबलावर उरली होती. तिच्यातलं वळण आजच्या अक्षरांत आणता येईल, हे पाहण्याची नजर या कामातून पुढच्या पिढीला मिळाली.

जाहिरात सोडून पवईला का गेले?

१९८३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास, जोशींनी चांगली चाललेली जाहिरातीची नोकरी सोडली आणि पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले. तिथलं औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आयडीसी, १९६९ मध्ये सुरू झालं होतं. १९९६ पर्यंत ते तिथे प्राध्यापक होते.

काळ मोठा मजेशीर होता. छापखान्यातून शिशाचे खिळे हद्दपार होत होते. फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि पाठोपाठ संगणक येत होता. जोशींच्या लक्षात आलं, की पुढचं अक्षर कागदावर नाही, पडद्यावर घडणार आहे. तिथे चित्रकार हजर नसेल, तर अक्षरांचं काय करायचं ते फक्त यंत्रवाले ठरवतील.

ही भीती उगाच नव्हती. देवनागरीला यंत्रात बसवताना याआधीही बरीच काटछाट झाली होती. शिशाच्या छपाईत जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरून शेकडो खिळे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक टाइप पाडून त्यातून वाट काढली. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. पुढे टाइपरायटर आला. त्याच्या कळा मोजक्याच, त्यामुळे जोडाक्षरं तोडून, अर्ध्या अक्षरांवर भागवलं गेलं. प्रत्येक वेळी यंत्राच्या सोयीसाठी लिपीने अंग चोरलं.

संगणकाच्या बाबतीत हे टाळता येईल का, हा जोशींच्या उत्तरायुष्याचा प्रश्न बनला. मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही सरकारी संशोधन संस्था होती. तिथल्या संगणकशास्त्रज्ञांच्या साथीने त्यांनी विन्यास नावाची प्रणाली उभी केली. बोरूचा कोन, फटकाऱ्याची जाडी, वळण या गोष्टी संगणकाला समजतील अशा मांडून त्यातून भारतीय लिप्यांची अक्षरं रचणं, हा तिचा गाभा होता. देशनागरी या नावाने सगळ्या भारतीय भाषांसाठी एक समान लिपी कशी असू शकेल, याचाही प्रयोग त्यांनी केला.

आयआयटीतून बाहेर पडल्यावर ते याच एनसीएसटीत अभिकल्प तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

संगणकावर मराठीचं नेमकं काय बिघडत होतं?

आता भावाच्या लॅपटॉपकडे परत येऊ. त्यावर दिसलेला इंग्रजी काला कुठून आला?

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. सुरुवातीला हे क्रमांक इंग्रजीसाठीच होते. मग नव्वदच्या दशकात एक जुगाड रूढ झाला. क्रमांक इंग्रजीचाच ठेवायचा, फक्त फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवायचा. उदाहरणार्थ कृतीदेव फाँटमध्ये राम हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं साठवली जातात. तो फाँट असेपर्यंत राम दिसतो. नसला की जे-के-ई.

प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने आकार बसवले. त्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये वाचता येत नसे. शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. डीटीपीच्या दुकानात छापून घेण्यापुरतं ठीक होतं. पण ज्याची नोंद पंचवीस वर्षं टिकायला हवी, असा मजकूरही याच पद्धतीने भरला गेला. आज तो उघडायला बसलं, की काय गमावलं ते कळतं.

याला उत्तर दोन टप्प्यांत आलं. पहिला टप्पा भारतीय प्रमाणाचा. १९९१ मध्ये इस्की ही भारतीय लिप्यांसाठीची क्रमांकपद्धत प्रमाण म्हणून ठरली आणि तिच्यासोबत इनस्क्रिप्ट हा कीबोर्डही. दुसरा टप्पा युनिकोडचा. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणारं हे प्रमाण १९९१ मध्येच आलं. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा मिळाला. क चा क्रमांक कुठल्याही कंपनीच्या यंत्रात एकच.

पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसत नाही. त्याचा आकार कुणीतरी काढावा लागतो आणि तो शेजारच्या अक्षराशी कसा जुळेल, हेही सांगावं लागतं. इथे जोशींचं काम सुरू होतं.

‘मंगल’ने काय केलं?

अर्जुनी हा शब्द पाहू. युनिकोडमध्ये तो सात क्रमांकांनी साठवला जातो. अ, र, पाय मोडण्याचं चिन्ह, ज, उकार, न आणि दुसरी वेलांटी. फाइलमध्ये र हा ज च्या आधी आहे, कारण उच्चारात तो आधी येतो. पण दिसताना तो ज च्या डोक्यावर जाऊन बसतो. उकार ज च्या पायाशी जातो.

गोंदियाची गंमत वेगळी. टाइप करताना द आधी, पहिली वेलांटी नंतर. दिसताना वेलांटी द च्या अलीकडे. म्हणजे साठवण्याचा क्रम उच्चाराचा आणि दिसण्याचा क्रम लिपीचा. ही अदलाबदल संगणकाने प्रत्येक वेळी, क्षणात करायची असते.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, ऑपरेटिंग सिस्टीममधला अक्षरं जुळवणारा भाग. विंडोजमध्ये त्याचं नाव युनिस्क्राइब. दोन, असा फाँट, ज्याच्या पोटात नुसते आकार नाहीत, नियमही आहेत. क पुढे पाय मोडून ष आला तर क्ष दाखव. र चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं तर रफार कर. अशा फाँटचं तंत्र म्हणजे ओपनटाइप. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीने ते १९९६ मध्ये जाहीर केलं.

२००० साली विंडोज २००० बाजारात आलं. त्यात हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृतसाठी देवनागरीची सोय होती आणि सोबत होता मंगल. बाहेरून काही विकत न आणता, कुठलाही जुगाड न करता विंडोजवर युनिकोड मराठी लिहिता येऊ लागली. टाइप डिरेक्टर म्हणून जोशींचं नाव आणि सोबत अक्षरं रेखाटणारे त्यांचे सहकारी, असं हे काम होतं.

काम किती अवघड होतं? त्या काळच्या पडद्यांवर ठिपके कमी. मेनूतलं एक अक्षर जेमतेम दहा-बारा ठिपक्यांच्या उंचीत बसवावं लागे. इंग्रजी ए त्यात आरामात मावतो. मराठीत त्याच उंचीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा. बोरूने मोकळी वळणं काढणाऱ्या माणसाला इथे एकेक ठिपका मोजावा लागला. मंगलची अक्षरं अंगाने साधी, काहीशी सपाट का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. वर्डमध्ये मंगल वापरल्यावर ओळींमधलं अंतर जास्त पडतं, ही सगळ्यांची जुनी तक्रार. तेही मात्रा आणि उकार कापले जाऊ नयेत म्हणून सोडलेल्या जागेमुळेच.

देवनागरीवर ते थांबले नाहीत. गुजरातीचा श्रुती, गुरुमुखीचा रावी, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा, बंगालीचा वृंदा, मल्याळमचा कार्तिका, विंडोजबरोबर आलेल्या या फाँटच्या मागेही जोशी आणि त्यांचा चमू होता. लिपीगणिक जुळणीचे नियम बदलतात. एका माणसाच्या देखरेखीखाली इतक्या भारतीय लिप्या संगणकात गेल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही.

फक्त विंडोजसाठीच काम केलं का?

नाही. एनसीएसटीमध्ये इंडिक्स नावाचा प्रकल्प होता. लिनक्सवर भारतीय भाषा चालाव्यात, हा त्याचा उद्देश. त्या कामातून रघू नावाचा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी मोकळा करण्यात आला. तो कुणीही फुकट वापरावा, उघडून पाहावा, त्यात सुधारणा करावी.  असे मोकळे फाँट हीच नव्या मुलांची शाळा होती.

मराठीसाठी मंगल पुरेसा होता का?

इथे थोडी खोच आहे. मंगलमधला ल उभ्या दांड्याचा दिसतो आणि श गाठीचा. हिंदीत तसं चालतं. मराठी शाळेत आपण पाकळ्यांचा ल आणि देठाचा श गिरवतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. एकच फाँट सगळ्या देवनागरी भाषांसाठी वापरायचा ठरला, की अशा ठिकाणी कुणाला तरी पडतं घ्यावं लागतं. इथे मराठीला घ्यावं लागलं. आजच्या काही फाँटमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी आकार आपोआप येतो. म्हणून भाषा निवडणं हा नुसता उपचार नाही.

दुसरं उदाहरण शेतकऱ्यांना या शब्दाचं. यातला र चंद्रकोरीसारखा आडवा लिहिला जातो. तो रफार नाही. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे वेगळे शब्द आहेत. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेला ऱ वेगळा आहे. त्याचा पाय मोडला की चंद्रकोरी र मिळतो. साधा र वापरला, तर शेतकऱ्यांच्या डोक्यावर रफार चढतो आणि यादीत नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. धानाच्या पट्ट्यातल्या आमच्या तालुक्यात हा शब्द किती कागदांवर येत असेल, याचा विचार करा.

तिसरं ॲ चं. ॲप, ॲसिड, ॲडमिशन लिहिताना आपण तो रोज वापरतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये.

ती पाहायला जोशी नव्हते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत असताना त्यांचं निधन झालं. सत्तरी ओलांडली होती, पण काम थांबलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षांत त्यांनी वैदिक संस्कृतचा आग्रह धरला होता. वेदपठणात स्वर दाखवण्यासाठी अक्षरांच्या वर-खाली ज्या खुणा करतात, त्यांनाही युनिकोडमध्ये जागा हवी, यासाठी ते सी-डॅकच्या सहकाऱ्यांसोबत धडपडत होते. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र कप्पा आला. तोही त्यांच्या पश्चात.

आज नव्या लॅपटॉपवर मंगल का दिसत नाही?

विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी निर्मला यूआय हा फाँट मुख्य झाला. विंडोज १० पासून मंगल सगळ्या मशीनवर आपोआप येत नाही. तो देवनागरीच्या पूरक फाँटच्या गठ्ठ्यात गेला आहे. मराठी भाषा जोडली, की इंटरनेटवरून उतरतो. भाषा जोडली नाही किंवा नेट नसताना सेटिंग आटोपलं, तर तो नसतोच. मग मंगलमध्ये केलेली जुनी फाइल दुसऱ्याच फाँटमध्ये उघडते, ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात. भावाच्या लॅपटॉपवर नेमकं हेच राहिलं होतं. घरातलं नेट त्या दिवशी रुसलं होतं.

नवा लॅपटॉप, साधा असो की वर्कस्टेशन, मांडताना हा क्रम ठेवा:

१. आधी नेट जोडा आणि विंडोज अपडेट पूर्ण करा. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

२. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. ॲड अ लँग्वेजमधून मराठी निवडा. मेनू इंग्रजीच ठेवायचे असतील, तर डिस्प्ले लँग्वेज बदलू नका. मराठी यादीत असली तरी पुरे.

३. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स आहेत का बघा. नसतील तर जोडा. मंगल यातच मिळेल.

४. कीबोर्ड निवडा. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. चार-सहा आठवड्यांत हात बसतो आणि वेग चांगला येतो. सवय नसेल तर उच्चारानुसार चालणारा मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

५. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो आणि शिफ्ट धरून ल ची कळ दाबली की ळ. आमच्या झाडीबोलीत बोलताना ण आणि ळ फारसे येत नाहीत. लिहिताना मात्र लागतात, म्हणून या कळा आधी पाठ करा.

६. आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने एसएचएक्स प्रकारचे फाँट असतील, तर त्यात देवनागरी नसते. प्रश्नचिन्हं दिसतात ती यामुळे. टेक्स्ट स्टाइलमध्ये जाऊन मंगल किंवा निर्मला यूआय असा ट्रूटाइप फाँट निवडा.

७. एक्सेलमधली मराठी यादी सीएसव्ही म्हणून जतन करायची असेल, तर सीएसव्ही यूटीएफ-८ हाच पर्याय घ्या. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि फाइल बंद केल्यावर ती परत मिळत नाहीत.

८. जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा. मूळ फाइल पुसू नका.

याचा आपल्या गावाशी काय संबंध?

आमच्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी लिपी १९९६ मध्ये युनिकोडच्या २.० आवृत्तीत आली. ज्या गोंड समाजाचा या भागाशी शेकडो वर्षांचा संबंध आहे, त्यांच्या गोंडी भाषेची मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ मध्ये यादीत आली. मराठीला १९९१ मध्ये जागा मिळाली, गोंडीला त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी. जागा मिळणं, आकार मिळणं आणि मग लोकांनी रोज वापरणं, हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. पहिल्या दोन टप्प्यांवर जोशींसारखी माणसं राबतात. तिसरा आपल्याकडे असतो.

भावाच्या त्या फाइलींपैकी प्रश्नचिन्हांची फाइल फाँट बदलताच सुधारली. इंग्रजी काल्याच्या फाइलवर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. कोणता फाँट होता ते ओळखणं, मजकूर बदलणं, मग खातेदारांची नावं एकेक करून कागदाशी ताडून पाहणं. काकू चहा देताना म्हणाल्या, की हे आधीच नीट केलं असतं तर दिवाळी सुखाची झाली असती. त्यांचं बरोबर होतं. तीन नावं शेवटपर्यंत लागली नाहीत. त्यांच्यासाठी भावाला मूळ कागद शोधत फिरावं लागलं.

आता त्याच्या लॅपटॉपवर नवी फाइल मराठीतच सुरू होते, युनिकोडमध्ये. तो मंगल वापरतो, कारण त्याला तो सवयीचा आहे. ही अक्षरं कुणाच्या हाताखाली घडली, हे त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या कानावर आलं. त्याने मान डोलावली, शेतकऱ्यांची यादी हा शब्द एकदा टाइप करून पाहिला, चंद्रकोर नीट आली याची खात्री केली आणि कामाला लागला.